वसतियोग्य ग्रह : एका संकल्पनेची वाटचाल

पृथ्वीखेरीज अन्य गोलांवर जीवसृष्टी असेल काय, हा प्रश्न प्राचीन आहे. परंतु कोणत्या प्रकारच्या गोलावर ती असू शकेल, हा प्रश्न त्यामानाने बराच अर्वाचीन आहे. हे दोन प्रश्न वरकरणी एकच भासत असले तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. पहिला तत्त्वज्ञान व ईश्वरशास्त्र यांच्या पोटी जन्मला. दुसऱ्याचा उगम उष्णता, द्रवरूप पाणी व काळ यांच्या हिशेबात आहे. पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात कसे झाले, आणि प्रत्येक टप्प्यावर 'वसतियोग्य' ह्या शब्दाचा अर्थ त्या काळी जे मोजता येत होते त्यानेच कसा ठरविला, हे पाहणे विज्ञानेतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. युरोपीय भाषांतील रूढ संज्ञा 'राहणे' ह्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आली आहे. मराठीत तिच्यासाठी 'वसतियोग्य' म्हणावे तर माणसांनी तेथे जाऊन घरे बांधावीत असा ध्वनी निघतो. 'जीवनानुकूल' म्हणावे तर सूक्ष्मजंतूही त्यात बसतात. हा केवळ भाषांतराचा पेच नाही. पुढे दिसून येईल की मूळ संज्ञेतही हे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले होते, आणि ते वेगळे करण्यास बराच काळ लागला.

न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'च्या तिसऱ्या खंडात ग्रहांच्या घनतेची चर्चा करताना एक छोटेसे निरीक्षण ओघात येऊन जाते. पृथ्वी शनीच्या कक्षेत नेऊन ठेवली तर आपले पाणी गोठेल आणि बुधाच्या कक्षेत ठेवली तर त्याची वाफ होईल, असा त्याचा आशय आहे. आजच्या वसतियोग्य पट्ट्याची सर्व बीजे ह्या विधानात आहेत. परंतु न्यूटनने त्यातून तो निष्कर्ष काढला नाही, आणि त्याच्या समकालीनांनाही तो सुचला नाही. ख्रिस्तिआन हायगेन्झने 'कॉस्मोथेओरोस' ह्या १६९८ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ह्या अडचणीवर सोपा तोडगा काढला. गुरूवरील वा शनीवरील पाणी आपल्या पाण्यासारखे असण्याचे कारण काय? त्या थंडीत न गोठणारे पाणी तेथे असेल. विधात्याने ज्या ग्रहासाठी जे हवे ते दिले असणार. फाँतनेलने १६८६ साली आपल्या लोकप्रिय संवादग्रंथात जगांच्या अनेकत्वाचा जो पुरस्कार केला, त्याचाही पाया हाच होता : एवढी विस्तीर्ण सृष्टी रिकामी ठेवणे हा अपव्यय होय, आणि निसर्ग अपव्यय करीत नाही.

ह्या विचारसरणीत ग्रहांचे प्रकार पाडण्याची गरजच उद्भवत नाही. प्रत्येक गोलाला साजेसे रहिवासी असतील तर कोणता गोल योग्य आणि कोणता अयोग्य, हा भेदच निरर्थक ठरतो. विल्यम हर्शेलसारखा श्रेष्ठ निरीक्षकही सूर्यावर वस्ती असल्याचे मानीत असे.

ह्या एकमताला पहिला जबर धक्का दिला तो १८५३ साली, आणि तो केंब्रिज येथील ट्रिनिटी महाविद्यालयाचे प्रमुख विल्यम ह्यूएल यांनी. त्यांचा निबंध निनावी प्रसिद्ध झाला, पण लेखक कोण हे लपून राहिले नाही. ह्यूएल यांचे प्रयोजन धार्मिक होते. अनेक जगांत अनेक बुद्धिमान जाती असतील तर मानवाच्या उद्धाराच्या ख्रिस्ती कथेचे स्थान काय, ही चिंता त्यांच्या मनात होती, आणि ती त्यांनी दडविलीही नाही. तथापि त्यांनी वापरलेली साधने भौतिक होती, आणि म्हणूनच त्यांच्या ग्रंथाला येथे महत्त्व आहे. गुरूची घनता पृथ्वीच्या सुमारे एक-चतुर्थांश आहे. तेव्हा तो बहुतांशी पाण्याचा गोल असावा आणि तेथे जीव असलेच तर ते अस्थिहीन, लिबलिबीत असावेत, असे त्यांनी मांडले. सूर्यापासून फार दूर वा फार जवळ असलेले ग्रह त्यांनी वगळले आणि सूर्यमालेत एक समशीतोष्ण कटिबंध कल्पिला. त्या कटिबंधात पृथ्वी बसते.

ह्यूएल यांचा दुसरा युक्तिवाद भूगर्भशास्त्रातून घेतलेला होता, आणि तो अधिक खोल आहे. पृथ्वीच्या दीर्घ इतिहासात मानवाचा काळ क्षणमात्र आहे. त्यापूर्वीची युगानुयुगे हा ग्रह बुद्धिहीन जीवांचा अथवा निर्जीव होता. कालाचा एवढा विस्तार बुद्धीवाचून जाऊ शकतो, तर अवकाशाचा विस्तार बुद्धीवाचून राहण्यात असंभवनीय ते काय? अपव्ययाचा जुना मुद्दा येथे एका फटक्यात कोसळतो. डेव्हिड ब्रूस्टर यांनी पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्यांचे आवेशपूर्ण खंडन केले. पण त्या खंडनात आवेश अधिक आणि नवे प्रमाण थोडे आहे. निष्प्रयोजन सृष्टी त्यांना सहनच होत नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वाद मंगळावर केंद्रित झाला. १८७७ साली स्क्यापरेल्ली यांनी मंगळावर रेषा पाहिल्या, आणि १८९४ मध्ये पर्सिव्हल लोवेल यांनी ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळा उभारून त्या रेषांना कालव्यांचे रूप दिले. ही कथा सर्वश्रुत आहे व तिची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कालव्यांपेक्षा तापमानाचा वाद अधिक अर्थपूर्ण आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले आहे. लोवेल यांनी १९०७ साली मंगळाचे सरासरी तापमान गणिताने काढले व ते सुमारे ९ अंश सेल्सिअस ठरविले, म्हणजे जवळजवळ दक्षिण इंग्लंडइतके. त्याच वर्षी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी एक छोटे पुस्तक लिहून हे गणित मोडीत काढले. इतक्या विरळ हवेच्या व सूर्यापासून दीडपट अंतरावरील ग्रहावर तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली असले पाहिजे. पाणी द्रवरूपात टिकणार नाही. आणि टिकलेच तर उघड्या कालव्यातून हजारो मैल नेताना ते वाटेतच उडून जाईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मंगळाचे सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास आहे, हे आज ज्ञात आहे.

वॉलेस बरोबर ठरले. पण ते का लिहिण्यास प्रवृत्त झाले तेही विसरता येत नाही. १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी सूर्यमाला तारकाविश्वाच्या मध्याजवळ असून मानव हा ह्या विश्वात एकमेव आहे, असे मत मांडले होते. मंगळ निर्जीव असणे हे त्या मताला पोषक होते. चुकीच्या विश्वचित्राच्या रक्षणार्थ केलेले गणित अचूक असू शकते, याचे हे चांगले उदाहरण होय. ग्रिनिच येथील वॉल्टर माँडर यांनी तर शाळकरी मुलांपुढे मंगळाची रेषाविरहित चित्रे ठेवून त्यांच्याकडून नकला काढून घेतल्या. दूर बसलेल्या मुलांनी ठिपके जोडून सरळ रेषा काढल्या. हेच माँडर १९१३ साली ग्रहांच्या वस्तीविषयी लिहिताना पाण्याच्या द्रवावस्थेला निर्णायक स्थान देतात. गृहीत कोणतेही असो, कसोटी आता पाण्याची झाली होती.

विसाव्या शतकाच्या मध्याला ही कसोटी सूर्यमालेबाहेर नेण्यात आली. १९५३ साली दोन भिन्न शाखांतील लेखक एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच जागी पोहोचले : ह्यूबर्टस स्ट्रगहोल्ड हे विमानोड्डाणाच्या वैद्यकाचे अभ्यासक, आणि हार्लो शॅप्ली हे ज्योतिर्विद. दोघांनीही ताऱ्याभोवती द्रवरूप पाणी टिकू शकेल असा एक पट्टा कल्पिला. परंतु संज्ञेला तिचे आजचे नाव व आशय मिळाला तो मूळचे चिनी असलेल्या सू-शू ह्वांग यांच्या १९५९ व १९६० सालच्या लेखनातून.

ह्वांग यांच्या विवेचनाचे वैशिष्ट्य असे की त्यांनी अंतराच्या जोडीला काळ आणला. पृथ्वीवर प्रगत जीव निर्माण होण्यास अब्जावधी वर्षे लागली. तेव्हा ज्या ताऱ्याचे स्थिर आयुष्य याहून कमी आहे, त्याभोवती कितीही रुंद पट्टा असला तरी तो निरुपयोगी होय. भारी व तेजस्वी तारे काही कोटी वर्षांत आपले इंधन संपवितात, म्हणून ते बाद झाले. उलट टोकाला असलेले मंद तांबडे खुजे तारे दीर्घायुषी खरे, पण त्यांचा पट्टा फार अरुंद व ताऱ्याला खेटून असतो. उरले ते सूर्यासारखे मध्यम तारे. तारकीय उत्क्रांतीचे शास्त्र नुकतेच परिपक्व झाले होते आणि ह्वांग यांची कसोटी त्याचेच अपत्य होती. ग्रीन बँक येथे १९६१ साली फ्रँक ड्रेक यांनी आपले प्रसिद्ध समीकरण मांडले, त्या बैठकीस ह्वांगही उपस्थित होते. समीकरणातील एक घटक दर ग्रहमालेमागे किती ग्रह जीवनास योग्य असतील याचा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९६४ साली रँड संस्थेतील स्टीफन डोल यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मात्र आरंभी उल्लेखिलेला शब्दार्थाचा पेच पूर्णपणे उघडा पडतो. डोल यांना सूक्ष्मजीव अभिप्रेत नव्हते. यंत्रांच्या आधाराखेरीज माणसांची मोठी वस्ती सुखाने राहू शकेल असा ग्रह म्हणजे वसतियोग्य ग्रह, अशी त्यांची व्याख्या होती. त्यासाठी गुरुत्व पृथ्वीच्या दीडपटीहून अधिक नसावे, श्वसनास पुरेसा ऑक्सिजन असावा, ऋतुमान सौम्य असावे, अशा अटी त्यांनी घातल्या. आणि आकाशगंगेत असे साठ कोटींहून अधिक ग्रह असावेत असा अंदाज केला. त्या वेळी सूर्याखेरीज अन्य ताऱ्याभोवतीचा एकही ग्रह निर्विवादपणे ज्ञात नव्हता. तरीही डोल यांच्या ग्रंथाची थट्टा करणे योग्य नव्हे. ग्रहाचे वस्तुमान, परिवलन, अक्षाचा कल, कक्षेची विकेंद्रता यांपैकी प्रत्येकाचा वसतियोग्यतेवरील परिणाम अलग करून मांडण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न होता.

दरम्यान जवळच्या दोन ग्रहांनी पट्ट्याच्या कल्पनेची परीक्षा घेतली. शुक्रावरून येणाऱ्या रेडिओ लहरींवरून त्याचा पृष्ठभाग भयंकर तप्त असल्याचा संशय १९५६ पासूनच होता. १९६२ मध्ये मरीनर २ ने आणि १९७० मध्ये प्रत्यक्ष उतरलेल्या व्हेनेरा ७ ने तो खरा ठरविला. १९६५ साली मरीनर ४ ने मंगळाची विवरांनी भरलेली भूमी दाखविली व हवेचा दाब पृथ्वीच्या शतांशाहूनही कमी असल्याचे दर्शविले. पट्टा एक असला तरी त्यातील ग्रहांचे भवितव्य एक नसते, हे यातून स्पष्ट झाले. सूर्यापासूनचे अंतर हे ग्रहाच्या तापमानाचे केवळ एक कारण. वातावरण हे दुसरे, आणि शुक्राच्या बाबतीत तर ते पहिल्याहून प्रबळ आहे.

त्यात १९७२ साली कार्ल सेगन व जॉर्ज मुलेन यांनी एक कोडे पुढे केले. आरंभकाळी सूर्याचे तेज आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. मग आजच्यासारख्या वातावरणात पृथ्वी गोठून जावयास हवी होती. खडकांचा पुरावा मात्र त्या काळीही वाहते पाणी होते असे सांगतो. मायकेल हार्ट यांनी १९७८-७९ मध्ये संगणकाच्या साह्याने पृथ्वीच्या वातावरणाचा सबंध इतिहास मांडून पाहिला, तेव्हा निष्कर्ष धक्कादायक निघाला. पृथ्वी सूर्याला ५ टक्क्यांनी अधिक जवळ असती तर ती शुक्रासारखी तापली असती, आणि केवळ १ टक्क्याने दूर असती तर कायमची गोठली असती. सूर्याहून बरेच लहान असलेल्या ताऱ्यांभोवती तर दीर्घकाळ टिकणारा पट्टाच नाही. हार्ट यांचे गणित खरे मानले तर पृथ्वी हा एक विलक्षण योगायोग ठरतो, आणि अन्यत्र जीवन शोधण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो. वसतियोग्य ग्रहांच्या अभ्यासाचे भवितव्यच त्या काळी ह्या एका आकड्यावर टांगलेले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हार्ट यांच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. १९८१ साली वॉकर, हेज व कास्टिंग यांनी ती दाखवून दिली. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड सिलिकेट खडकांची झीज घडवितो. त्यातून निघालेले क्षार समुद्रात जाऊन कार्बोनेटच्या रूपाने तळाशी बसतात. आणि ज्वालामुखींतून तो वायू कालांतराने पुन्हा हवेत येतो. ग्रह थंड झाला की पाऊस व झीज मंदावतात, ज्वालामुखी मात्र चालूच राहतात. त्यामुळे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड साचतो आणि हरितगृह परिणामाने तापमान पुन्हा चढते. ग्रह तापला की याच्या उलट घडते. हे नियमन अतिशय संथ आहे, त्याला लक्षावधी वर्षे लागतात. परंतु अब्जावधी वर्षांच्या हिशेबात ते पुरेसे ठरते. ह्या यंत्रणेच्या आधारे कास्टिंग, व्हिटमायर व रेनल्ड्स यांनी १९९३ साली सूर्याभोवतीचा पट्टा ०.९५ ते १.३७ खगोलीय एकक इतका रुंद ठरविला. २०१३ मध्ये रविकुमार कोप्परपू व त्यांचे सहकारी यांनी सुधारित आकडेमोडीने तो ०.९९ ते सुमारे १.७ असा मांडला.

ह्या शेवटच्या आकड्यांत एक गंमत आहे. त्यानुसार मंगळ पट्ट्याच्या आत पडतो, तर पृथ्वी त्याच्या आतल्या काठावर जेमतेम उभी राहते. मंगळाचा दोष अंतराचा नसून आकाराचा आहे. पृथ्वीच्या सुमारे एक-दशांश वस्तुमानाचा हा ग्रह लवकर निवाला, त्याचे ज्वालामुखी बहुतांशी थंडावले, आणि त्याचे बहुतेक वातावरण निसटून गेले. अर्थात 'पट्ट्यात असणे' ह्या वाक्प्रयोगाला 'कोणत्या प्रकारचा ग्रह?' ह्या प्रश्नाची जोड अपरिहार्य झाली.

तोवर पट्ट्याबाहेरही दारे उघडली होती. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, सूर्यप्रकाशाचा मागमूस नसलेल्या अंधारात, समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांभोवती दाट जीवसृष्टी आढळली. ह्या सृष्टीचा पाया खडकातून निघणाऱ्या रसायनांवर जगणारे जीवाणू हा होता. दोनच वर्षांनी गुरूच्या आयो ह्या चंद्रावर भरती-ओहोटीच्या ताणाने उष्णता निर्माण होत असली पाहिजे, असे भाकीत पील, कॅसन व रेनल्ड्स यांनी प्रसिद्ध केले, आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर १ ला तेथे जागृत ज्वालामुखी दिसले. शेजारच्या युरोपाच्या बर्फाळ कवचाखाली समुद्र असल्याचा पुरावा पुढे गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय मोजणीतून आला. शनीच्या एन्सेलेडसवर २००५ मध्ये कॅसिनी यानास दक्षिण ध्रुवाजवळून उसळणारे पाण्याचे फवारे दिसले. त्यांत २०१७ साली हायड्रोजन रेणू आणि २०२३ साली फॉस्फेट आढळल्याचे जाहीर झाले. हे गोल ह्वांग यांच्या पट्ट्यापासून कोट्यवधी मैल दूर आहेत. ताऱ्याची ऊब ही कसोटीच मुळी तेथे लागू पडत नाही.

ह्या सर्व भिन्न वाटा एका वर्गीकरणात आणण्याचा प्रयत्न २००९ साली हेल्मुट लामर व सहकाऱ्यांनी केला. त्यांनी चार वर्ग पाडले. पृष्ठभागावर पाणी व प्रगत जीवन दीर्घकाळ टिकेल असे पृथ्वीसारखे ग्रह. आरंभी अनुकूल असून पुढे शुक्र-मंगळांच्या मार्गाने गेलेले. कवचाखाली समुद्र असून त्याचा तळ खडकाला भिडलेला, जसे युरोपा. आणि ज्यांचा समुद्र बर्फाच्या दोन थरांत सापडला आहे असे, जसे गॅनिमीड. तिसऱ्या व चौथ्या वर्गातील भेद वरवर क्षुल्लक वाटतो, पण तो मर्मावर बोट ठेवतो. अतिखोल समुद्राच्या तळाशी प्रचंड दाबाने बर्फ बनते. त्या बर्फामुळे पाणी आणि खडक यांची फारकत होते, आणि जीवनास लागणारी खनिजे समुद्रात येण्याची वाट जवळजवळ बंद होते. म्हणजे पाणी कमी पडल्याने ग्रह नापीक होतो तसा ते अति झाल्यानेही होऊ शकतो. उलट २०११ साली आबे व सहकाऱ्यांनी असे दाखविले की अत्यल्प पाण्याचा, बहुतांशी वाळवंटी ग्रह ताऱ्याच्या बराच जवळ असूनही शुक्राच्या गतीला जात नाही.

१९९५ साली मायोर व केलो यांनी ५१ पेगासी ताऱ्याभोवती पहिला सूर्यसदृश ताऱ्याचा ग्रह शोधला, तो गुरूच्या जातीचा असून अवघ्या चार दिवसांत प्रदक्षिणा करणारा निघाला. तेव्हापासून नोंदलेल्या सौरेतर ग्रहांची संख्या २०२५ मध्ये सहा हजारांच्या पुढे गेली. त्यांतील फार मोठा भाग पृथ्वीहून मोठा व नेपच्यूनहून लहान अशा जातीचा आहे, ज्या जातीचा एकही नमुना आपल्या सूर्यमालेत नाही.

दुसरा अनपेक्षित बदल तांबड्या खुज्या ताऱ्यांच्या बाबतीत झाला. आकाशगंगेतील सुमारे तीन-चतुर्थांश तारे ह्या जातीचे आहेत. ह्वांग व डोल या दोघांनीही ते गौण मानले होते, कारण त्यांच्या निकट फिरणारा ग्रह चंद्राप्रमाणे एकच बाजू ताऱ्याकडे ठेवील, आणि अंधाऱ्या बाजूवर हवाच गोठून पडेल, अशी शंका होती. १९९७ मध्ये जोशी, हेबर्ली व रेनल्ड्स यांनी माफक दाट वातावरणही उष्णता पलीकडे वाहून नेण्यास पुरते असे दाखविले. आणि २०१३ मध्ये यांग, कोवन व ॲबट यांच्या गणिताने दिनबाजूवरील दाट ढग ग्रहाला तापण्यापासून वाचवू शकतात असे निघाले. परंतु ह्या फेरविचारामागे केवळ सिद्धान्त होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. लहान ताऱ्याभोवतीचा लहान ग्रह शोधणे व पारखणे आजच्या साधनांनी सर्वांत सोपे आहे, हेही त्याचे तितकेच प्रबळ कारण होय. ह्यूएल यांच्या काळी घनता मोजता येत होती म्हणून घनता कसोटी झाली. आज ताऱ्यासमोरून जाणाऱ्या ग्रहाच्या वातावरणाचा वर्णपट मिळतो, म्हणून जेथे तो मिळतो तेथील ग्रह 'आशादायक' ठरतात.

हा धोका के२-१८ बी ह्या ग्रहाच्या प्रकरणात विशेष दिसून आला. सुमारे १२४ प्रकाशवर्षांवरील हा ग्रह पृथ्वीच्या २.६ पट त्रिज्येचा व साडेआठ पटींहून अधिक वस्तुमानाचा आहे. २०१९ साली त्याच्या वातावरणात पाण्याची वाफ सापडल्याचे जाहीर झाले. २०२१ मध्ये केंब्रिज येथील निक्कू मधुसूदन व सहकाऱ्यांनी हायड्रोजनयुक्त हवेखाली समुद्र असलेल्या ग्रहांचा एक नवाच वर्ग सुचविला आणि हा ग्रह त्याचा नमुना मानला. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला तेथे मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड स्पष्ट दिसले. पाण्याच्या वाफेचा पूर्वीचा संकेत मात्र मिथेनचाच असावा असे मत बळावले. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच गटाने, पृथ्वीवर प्रामुख्याने सागरी जीवांपासून निघणाऱ्या डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा आढळल्याचे प्रतिपादन केले. त्याच सामग्रीचे इतरांनी केलेले विश्लेषण तो निष्कर्ष मान्य करीत नाही. आणि ह्या ग्रहावर समुद्र आहे की तो केवळ वायूंच्या दाट आवरणाचा गोल आहे, यावरही एकमत झालेले नाही. येथे जीवखुणेचा वाद ग्रहाच्या जातीचा वाद मिटण्यापूर्वीच सुरू झाला.

याउलट सुमारे ४० प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ च्या सात ग्रहांचा अभ्यास आतून बाहेर, क्रमाक्रमाने चालला आहे. २०२३ साली सर्वांत आतील 'बी' ग्रहाची दिनबाजू सुमारे २३० अंश सेल्सिअस इतकी तप्त आढळली, आणि तेथे उल्लेखनीय वातावरण नसावे असे दिसले. दुसऱ्या 'सी' ग्रहावर शुक्रासारखे कार्बन डाय-ऑक्साइडचे दाट आवरण नाही, हेही ठरले. पट्ट्याच्या मध्याजवळ असलेल्या 'ई' ग्रहाची पहिली निरीक्षणे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. मूळचे हायड्रोजनचे आवरण तेथे शिल्लक नाही इतके त्यांवरून सांगता येते. त्याखाली दुय्यम वातावरण आहे की उघडा खडक, हे मात्र त्यांवरून ठरत नाही. कारण हा तारा स्वतः डागाळलेला व चंचल असून त्याच्याच खुणा ग्रहाच्या वर्णपटात मिसळतात. त्या वेगळ्या करण्यासाठी 'बी' ग्रहाच्या पाठोपाठ 'ई' ताऱ्यासमोरून जाण्याच्या वेळा निवडण्यात आल्या आहेत. निर्वात ठरलेल्या 'बी'चा वर्णपट हा ताऱ्याच्या डागांचा नमुना म्हणून धरायचा आणि तो 'ई'च्या वर्णपटातून वजा करायचा, अशी ती योजना आहे.